नोकरीवर परत जाताना ब्रेस्ट पंप कोणता घ्यावा?

गोदाकाठ
बहिणीचं लेकरू साडेपाच महिन्यांचं आहे. ती गेवराई तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे. १८० दिवसांची रजा संपत आली, आता रुजू व्हायचंय. लेकरू पूर्ण अंगावर पितं, वरचं काही सुरू नाही. शाळा आणि जाणं-येणं धरून आठ तास बाहेर. घरी आई सांभाळेल. शाळेत फ्रीज नाही, दुपारी लाईटचा भरवसा नाही, पाणी बोअरचं. मेडिकलवर तीन प्रकार दाखवले: रबरी फुग्याचा, हाताने दाबायचा आणि लाईटवरचा. दुकानदार म्हणतो, 'जास्त ओढणारा घ्या.' ऑनलाइन बघावं तर पाचशेपासून वीस हजारापर्यंत आहेत. नेमकं काय बघून घ्यायचं?

बालाघाट_सिस्टर
ताई, 'जास्त ओढणारा' हा निकषच डोक्यातून काढून टाका. बहुतेक इलेक्ट्रिक पंप २५० ते ३०० मिमी पाऱ्यापर्यंत (हे ओढीचं माप) ओढतात आणि आईला त्याच्या निम्म्या-पाऊण जोरावरच दूध येतं. दुखायला लागलं की पान्हा अडतो. जोर वाढवून दूध वाढत नाही.

आधी गरज किती ते काढा. एक ते सहा महिन्यांचं लेकरू दिवसभरात सरासरी ७५० मिली पितं, म्हणजे तासाला २५ ते ३५ मिली. आठ तासांचे झाले २०० ते २८०. त्यात आता सहा महिने पूर्ण होतायत, वरचं अन्न सुरू होईल, म्हणजे ही गरज हळूहळू कमी होणार. सकाळी निघताना पाजायचं, आल्या आल्या पाजायचं, मधल्या वेळात ८०-१०० मिलीच्या दोन किंवा तीन वाट्या. शाळेत एकदा, फार तर दोनदा काढावं लागेल.

एवढ्यासाठी हाताने दाबायचा चांगला पंप पुरतो. लाईट लागत नाही, भाग चार-पाच, आवाज नाही.

रबरी फुग्याचा मात्र अजिबात नको. सायकलच्या भोंग्यासारखा असतो तो. दूध फुग्यात शिरतं, फुगा आतून धुता येत नाही, आणि किती ओढायचं यावर काहीच ताबा राहत नाही. स्तनाग्र सुजतं, चिरतं. स्वस्त म्हणून आजही विकला जातो याचं वाईट वाटतं.

मांजरातीर
सिस्टरशी बाकी सहमत, पण हातपंपाबद्दल थोडं वेगळं मत. शिक्षिकेकडे वेळ म्हणजे मधली सुट्टी. एका बाजूचा पंप म्हटलं की १५-१५ मिनिटं धरून अर्धा तास तिथेच गेला. मग जेवायचं कधी? दोन्ही बाजूंना एकदम लागणारा डबल पंप १५ ते २० मिनिटांत काम संपवतो. शिवाय हाताचा पंप रोज दाबून मनगट आणि अंगठ्याचं मूळ दुखतं, बाळंतिणीचं तर आधीच लेकरू उचलून दुखत असतं. दिवसात एकदाच काढायचं असेल तर हाताचा ठीक. दोनदा आणि तेही महिनोन् महिने, तर चार्ज होणारा डबल.

आणि कोणताही घ्या, पहिल्यांदा बघायचा तो फनेल, म्हणजे छातीला लावायचा पेला. याच्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही आणि बऱ्याच तक्रारी इथूनच येतात.

गोदाकाठ
फनेलचे साईज असतात? बॉक्सवर फक्त २४ लिहिलंय.

मांजरातीर
हो. २४ म्हणजे फनेलच्या नळीचं तोंड २४ मिमी. बहुतेक कंपन्या हाच साईज देतात आणि बऱ्याच बायकांना तो मोठा पडतो.

मोजायचं असं. पाजल्यावर लगेच नको, थोडा वेळ जाऊ द्या, कारण तेव्हा स्तनाग्र ओढून लांबलेलं असतं. शाळेची पट्टी घ्या, मिमीच्या बाजूने. स्तनाग्राच्या बुडाशी, जिथे ते भोवतीच्या काळसर भागाला मिळतं, तिथली रुंदी मोजा. काळसर भाग मोजायचा नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा, फरक असू शकतो. आलेल्या मापात ० ते ३ मिमी मिळवा, तो फनेलचा साईज. म्हणजे १७ मिमी आलं तर १७ ते २०, बाजारात १९ मिळेल. अंदाज हवा असेल तर दहा रुपयांचं नाणं बरोबर २७ मिमी रुंद असतं. स्तनाग्र त्याच्या मानाने किती लहान आहे ते बघितलं की २४-२७ चा फनेल किती सैल पडेल ते डोळ्यांना दिसतं.

लावून बघताना आत नजर ठेवा. नळीत फक्त स्तनाग्र पुढे-मागे सरकलं पाहिजे.
काळसर भागही आत ओढला जातोय, बुडाशी दुखतंय, दूध थेंब थेंब येतंय: फनेल मोठा.
स्तनाग्र नळीला घासतंय, काढल्यावर टोक पांढरं किंवा जांभळं दिसतंय: फनेल लहान.

नवीन फनेल लगेच घ्यायची गरज नसते. २४ च्या फनेलमध्ये बसणारे सिलिकॉनचे इन्सर्ट मिळतात: १७, १९, २१. ते बसवताना कड पूर्ण टेकली पाहिजे, नाहीतर फटीतून हवा जाते.

वायरमन_परभणी
मशीनच्या बाजूने सांगतो. मोटर हवा ओढते, ती हवा नळीतून फनेलपर्यंत जाते. या वाटेत मध्ये सिलिकॉनचा पडदा असेल तर दूध आणि ओल मोटरकडे जाऊ शकत नाही. त्याला क्लोज्ड सिस्टिम म्हणतात. पडदा नसेल तर नळीत वाफ साठते, दूध उलटं शिरतं, काळी बुरशी धरते, आणि मोटर उघडून साफ करता येत नाही. बॉक्सवर 'क्लोज्ड सिस्टिम' किंवा 'बॅकफ्लो प्रोटेक्टर' लिहिलेलं नसेल तर घेऊच नका.

दुसरं, दोन मोड हवेत. पहिला हलका आणि भराभर, लेकरू सुरुवातीला चुटूचुटू ओढतं तसा; त्याने पान्हा फुटतो. दुसरा सावकाश आणि खोल. पहिला दोन-तीन मिनिटं, धार लागली की दुसरा. जोर एक एक पायरी वाढवायचा, थोडं टोचल्यासारखं वाटलं की एक पायरी मागे. तिथेच थांबायचं.

तिसरं लाईट. खेड्यात चार्ज होणारी बॅटरी हवीच. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही फरक असतो: स्पेक्ट्राच्या एस१ मध्ये बॅटरी आहे, एस२ फक्त वायरवर चालतो. असं बारकाईने वाचून घ्या. यूएसबीवर चार्ज होणारा असेल तर मोबाईलच्या पॉवर बँकेवरही भागतं. सरळ बोर्डावर लावून वापरणार असाल तर व्होल्टेज वर-खाली होत असताना नको.

ओढ कमी झाली की लोक मोटर गेली समजून पंप फेकतात. आधी हे बघा:
१) व्हॉल्व्ह. बदकाच्या चोचीसारखा पांढरा तुकडा. उजेडात धरून हलकेच दाबा. चीर लांबलेली किंवा चोच उघडी राहत असेल तर गेला. सगळ्यात आधी हाच खराब होतो. रोज वापर असेल तर दोन-तीन महिन्यांनी बदलायचा असतो.
२) सिलिकॉनचा पडदा वाकडा बसलाय का, त्याखाली पाणी राहिलंय का.
३) नळीचं टोक सैल झालंय का.
४) बॅटरी अर्ध्याखाली आहे का.
मोटरच्या तोंडावर थेट बोट ठेवून ओढ लागते का पाहा. लागली तर मोटर ठणठणीत, दोष पुढच्या भागात.

म्हणून माझ्या मते पंपाच्या किमतीपेक्षा त्याचे व्हॉल्व्ह आणि पडदे सुटे मिळतात का, हे आधी शोधा. बीड-जालन्यात दुकानात बहुधा मिळणार नाहीत, ऑनलाइन आठवडा जातो. पंपासोबतच दोन जास्तीचे व्हॉल्व्ह मागवून ठेवा.

पैठणवाली
ब्रामध्ये बसणारे बिनवायरचे पंप आलेत. वर्गात शिकवता शिकवताही चालतात म्हणे. ते का नाही घ्यायचे?

मांजरातीर
घेता येतात, पण पहिला आणि एकमेव पंप म्हणून नको. फनेलच्या आतलं दिसत नाही, त्यामुळे स्तनाग्र मध्यभागी आहे का ते कळत नाही. वाकलं की दूध सांडतं. पेला साधारण १५०-१८० मिलीचा. सुटे भाग जास्त, एक चुकीचा बसला की ओढच लागत नाही. आणि वर्गात चालवायचा विचार सोडा, आवाज येतो.

पैठणवाली
बरं. आणि दूध चार तास बाहेर राहतं ना? मग शाळेत फ्रीज नसला तरी काय अडलं?

बालाघाट_सिस्टर
ते चार तास २५ अंशापर्यंतच्या तापमानाचे आहेत. आपल्याकडे मार्चपासून पारा ३८-४० च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. तिथे चार तास धरायचेच नाहीत. आणि हिशोब करा: दीड वाजता काढलेलं दूध घरी साडेपाच-सहाला पोचणार. म्हणजे थंडीतही चार तास उलटून गेले. थंड पेटी हवीच.

साधी झाकण घट्ट बसणारी आइस बॉक्स किंवा लसीच्या पेटीसारखी जाड बॅग. त्यात गोठवलेले जेल पॅक: खाली एक, दोन्ही बाजूंना एकेक. पॅक रात्रभर फ्रीजरमध्ये पूर्ण दगड झाले पाहिजेत, अर्धवट गोठलेले दुपारपर्यंत टिकत नाहीत. बाटली पॅकला चिकटून ठेवा, पेटी सारखी उघडू नका, उन्हात किंवा एसटीच्या बॉनेटजवळ ठेवू नका. अशा पेटीत गोठलेल्या पॅकसोबत दूध २४ तास चांगलं राहतं.

घरी आल्यावर फ्रीजमध्ये मागच्या बाजूला, दारात नाही. ४ अंशाला चार दिवस. फ्रीजरमध्ये सहा महिने उत्तम. ६० ते १०० मिलीचे छोटे भाग करा, वर जागा सोडा, तारीख-वेळ लिहा, जुनं आधी वापरा. ताजं कोमट दूध गार दुधात ओतायचं नाही; आधी गार करा, मग मिसळा. फ्रीजरमधलं वितळलं की फ्रीजमध्ये २४ तास, पुन्हा गोठवायचं नाही. कोमट केलं की दोन तासांत संपवा, लेकराने तोंड लावलेलं उरलं तर तेही दोन तासांनी टाकून द्या. लाईट गेली तर फ्रीज उघडू नका, बंद फ्रीज चार तास गार धरतो.

सांभाळणाऱ्या आजीला हे आधीच सांगा: फ्रीजमध्ये ठेवलेल्या दुधावर साय वर येते, खाली निळसर पाणचट दिसतं. ते नासलेलं नसतं. हलकेच गोल फिरवलं की एक होतं. गॅसवर उकळायचं नाही. कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवायची, मायक्रोवेव्ह नको.

गोदाकाठ
बोअरच्या पाण्याचं काय? आमच्याकडे पातेल्याला पांढरा थर धरतो.

बालाघाट_सिस्टर
तोच थर व्हॉल्व्हच्या चिरेत बसतो आणि मग चोच मिटत नाही. धुण्याला बोअरचं चालेल, शेवटचा हात आणि उकळणं फिल्टरच्या किंवा जारच्या पाण्याने करा.

क्रम असा: वापर झाला की लगेच पंपाचे दूध लागलेले भाग गार पाण्याखाली धरा. आधीच कढत पाणी घातलं तर दूध चिकटून बसतं. मग वेगळ्या टोपात गरम पाणी आणि भांडी घासायचा लिक्विड साबण, बाटलीसाठी वेगळा ब्रश. सिंकमध्ये थेट टाकायचे नाहीत, घरातल्या घासणीने घासायचे नाहीत. व्हॉल्व्हमध्ये ब्रश किंवा काडी घालायची नाही, बोटाने चोळा. धुऊन स्वच्छ कापडावर उघड्यावर वाळवा, पुसू नका. लेकरू दोन महिन्यांच्या आतलं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळा. क्षार जमला तर निम्मं पाणी निम्मं पांढरं व्हिनेगर, अर्धा तास, मग चांगलं धुवा.

मोटर आणि हवेची नळी उकळायची नाही. नळीत वाफ दिसली तर फनेल काढून नुसती नळी लावून पंप दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, सुकते. काळा ठिपका दिसला तर नळी टाका.

शाळेत धुवायची सोय नाही म्हणता, तर दोनदा काढायचं असल्यास दोन सेट न्या. वापरलेला सेट झाकणाच्या डब्यात घालून घरी आणा.

हिंगोलीकर
मधेच विचारतो. वहिनी परवा बाळंत झाली, बत्तीस आठवड्यांची. लेकरू नवजात कक्षात ठेवलंय, तोंडाने ओढत नाही. पंप आजच आणू का? कोणता?

बालाघाट_सिस्टर
दादा, पंप आणायच्या आधी आज हातानेच सुरू करू द्या, आत्ता. पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक घट्ट आणि थोडा असतो, काही थेंब ते चमचाभर. पंपात तो फनेललाच चिकटून वाया जातो. हाताने चमच्यात किंवा छोट्या सिरिंजमध्ये धरता येतो.

हात साबणाने धुवा. कोमट कापडाने शेका, दोन मिनिटं हलका हात फिरवा. अंगठा वर, दोन बोटं खाली, स्तनाग्रापासून अडीच-तीन सेंमी मागे. आधी छातीकडे दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे दाबा, सोडा. कातडीवरून बोटं घासत पुढे आणायची नाहीत, स्तनाग्र पिळायचं नाही. धार कमी झाली की बोटं गोल फिरवून दुसऱ्या जागी. एका बाजूला ३-५ मिनिटं, मग दुसरी, पुन्हा पहिली.

चोवीस तासांत आठ ते दहा वेळा, आणि रात्रीचं एकदा तरी चुकवायचं नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. 'दूध येतच नाही' म्हणून दोन दिवस थांबलं की पुढे वाढवणं फार जड जातं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरलं की डबल इलेक्ट्रिक पंप लागेल, कारण लेकरू अजून काही आठवडे ओढणार नाही. आधी नवजात कक्षातल्या सिस्टरला विचारा, कक्षात पंप असतो का. असेल तर फक्त स्वतःचा फनेल-सेट लागतो. दूध कशात आणि कसं द्यायचं तेही त्याच सांगतील, त्यांच्या नियमानेच द्या. नाव, तारीख, वेळ लिहायला विसरू नका.

हिंगोलीकर
लगेच सांगतो सिस्टर.

आशाताई_वडवणी
ऊसतोडीला जाणाऱ्या मायांना काय सांगायचं? फडात पंप धुवायला पाणी नाही, ठेवायला जागा नाही.

बालाघाट_सिस्टर
त्यांना पंप सांगूच नका. लेकरू जवळ असेल तर अंगावरच, दर दोन-तीन तासांनी. कोपीवर (झोपडीवर) ठेवून जावं लागत असेल तर वर लिहिलेली हाताने काढायची पद्धत दोनदा समोर बसून करून घ्या. झाकणाची उकळलेली स्टीलची वाटी, निघताना काढलेलं, सावलीत, लवकरात लवकर वाटी-चमच्याने. उरलेलं टाकायचं. फडात छाती दाटली तर थोडं हाताने काढून हलकं करायचं, नाहीतर गाठ होते.

पैठणवाली
गाठीवरून आठवलं. गाठ झाली की पंपाने पूर्ण रिकामं करायचं ना?

मांजरातीर
नाही, उलट. जास्त काढलं की शरीर तेवढं जास्त बनवतं आणि सूज वाढते. नेहमीइतकंच पाजायचं, जोरात चोळायचं नाही, थंड शेक द्यायचा. २४ तासांत उतार नाही, ताप आहे, लाल चट्टा पसरतोय तर डॉक्टर. अंगावर पाजणं मात्र बंद करायचं नाही.

याच कारणाने पहिल्या सहा आठवड्यांत गरज नसताना फ्रीजर भरायला पंप लावू नये. रुजू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी सुरुवात पुरते: सकाळच्या पाजण्यानंतर तासाभराने एकदा. आणि तेव्हा दोन्ही बाजू मिळून ३०-४० मिलीच आले तर घाबरू नका. लेकरू पिऊन गेल्यावरचं ते शिल्लक दूध आहे. पंपात किती आलं यावरून अंगावर किती दूध आहे ते ठरत नाही.

गोदाकाठ
माप १६ आलं दोन्हीकडे. डबल, चार्जिंगचा, क्लोज्ड सिस्टिमचा बघतेय, सोबत १७ आणि १९ चे इन्सर्ट. एका मैत्रिणीचा वापरलेला मिळतोय, तो घेऊ का?

वायरमन_परभणी
नको. घरगुती पंप एकाच आईसाठी बनवलेला असतो. मोटरच्या आत काय गेलंय ते बाहेरून दिसत नाही. अनेकींनी वापरायचे दवाखान्यातले मोठे पंप वेगळे, त्यालाही प्रत्येकीचा स्वतःचा सेट लागतो.

बालाघाट_सिस्टर
लेकराला बाटलीची सवय नाही ना? मग लावूच नका. पंपासोबत बाटली आली म्हणून वापरलीच पाहिजे असं नाही. सहा महिन्यांचं लेकरू वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने व्यवस्थित पितं. लेकराला मांडीवर बसतं धरायचं, वाटीची कड खालच्या ओठावर टेकवायची, ओतायचं नाही, त्यानेच ओढू द्यायचं. पहिले काही दिवस आईने नाही, आजीनेच पाजून बघावं. आई दिसली की लेकरू वाटी घेत नाही.

मुख्याध्यापकांशी रुजू व्हायच्या आधीच बोला, आतून कडी लागणारी खोली आणि एक खुर्ची एवढंच हवंय. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामावर रोज दोनदा स्तनपानासाठी वेळ द्यायचा, ही तरतूद आधी मातृत्व लाभ कायद्यात होती, आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. एसटीने येणं-जाणं असेल तर स्टँडवर हिरकणी कक्ष (लेकराला पाजायची खोली) आहे का तेही बघून ठेवा.

वायरमन_परभणी
पार्सल आलं की धुवायच्या आधी मोटर कोरडीच चालवून पाहा, दोन्ही बाजूंना बोट लावून ओढ सारखी आहे का. एकदा दूध लागलं की स्वच्छतेच्या कारणाने बहुतेक जण परत घेत नाहीत. बिल जपून ठेवा, मोटरची वॉरंटी त्यावरच मिळते. व्हॉल्व्ह-पडदे बहुधा वॉरंटीत नसतात.